गारगोट्यांच्या माळावरची गुपितं

यंदाच्या अंकाचा विषय 'दगड' ठरल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा कुठे जायचं हे माझ्या मनात पक्कं होतं. किल्ल्यांच्या तटांवर, लेण्यांवर, सह्याद्रीच्या काळ्या कातळावर अधिकाराने लिहिणारी माणसं आपल्याकडे आहेत. मला पाहायचे होते ते दगडांमध्ये दगड होऊन राहणारे जीव. दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या रुक्ष मुलखात अशी झाडं राहतात: लिथॉप्स, कोनोफायटम, आर्गिरोडर्मा आणि त्यांचे भाऊबंद. जगभरच्या संग्राहकांना त्यांचं वेड आहे. या झाडांविषयीचं बरंचसं ज्ञान त्या वेडातूनच जमा झालं, आणि त्याच वेडापायी गेल्या काही वर्षांत तिथल्या टेकड्या ओरबाडल्या गेल्या. एकाच ओढीतून या दोन्ही गोष्टी कशा निघतात, ते समजून घ्यायला मी तिथे गेले.

केपटाउनहून उत्तरेला जाणारा एन-७ महामार्ग सिट्रसडालच्या संत्र्यांच्या बागा आणि क्लॅनविल्यम मागे टाकतो. पुढे झुडपं गुडघ्याएवढी होतात, मग घोट्याएवढी. व्हॅनऱ्हाइन्सडॉर्प गाव संपलं की क्नेर्सव्लाक्टचा माळ सुरू होतो आणि मधूनच जमीन पांढरी दिसू लागते. जवळ गेल्यावर कळतं, तो गारगोट्यांचा थर आहे.

माझ्याबरोबर तिथले एक वनस्पती-अभ्यासक होते. त्यांचं नाव आणि आम्ही थांबलो ती जागा, दोन्ही छापायचं नाही, या अटीवरच ते आले होते. गाडीतून उतरण्याआधी त्यांनी माझ्या फोनमधली ठिकाण नोंदवणारी सोय बंद करायला लावली. मग म्हणाले, "पाऊल मी सांगेन तिथेच टाका."

मी उभी होते तिथून मला फक्त पांढरे खडे दिसत होते. त्यांनी गुडघे टेकले, मीही टेकले. बराच वेळ काहीच नाही. मग एका खड्याच्या कडेला रुपेरी हिरवट रंगाची, मधोमध चीर असलेली एक गुळगुळीत जोडी दिसली. ती आर्गिरोडर्माची दोन पानं होती. एकदा नजर बसली आणि तशाच जोड्या हाताच्या अंतरावर, पायाच्या अंतरावर, सगळीकडे दिसू लागल्या. त्यांच्या मधल्या फटींमध्ये त्याहून लहान, काही मिलिमीटरांचे हिरवे-तांबूस गोळे होते. ती कोनोफायटमं. मघाशी मी ज्याला मोकळी जमीन समजत होते, तिच्यावर पाय ठेवायलाही जागा नव्हती.

थोडा, पण ठरलेला पाऊस

या सगळ्या पट्ट्याला सक्युलंट कारू म्हणतात. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम भागातून तो नामिबियाच्या नैऋत्येपर्यंत जातो. इथे मांसल वनस्पतींची जेवढी विविधता आहे तेवढी जगात दुसरीकडे कुठेच नाही. सहा हजारांहून अधिक जातींची झाडं इथे आहेत आणि त्यांतली सुमारे ४० टक्के फक्त इथेच सापडतात. वाळवंटी मुलखात एवढी समृद्धी का, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर पावसाच्या स्वभावात आहे.

पाऊस इथे हिवाळ्यात, म्हणजे साधारण मे ते सप्टेंबरमध्ये पडतो. वर्षभराचा मिळून बहुतेक ठिकाणी २०० मिलिमीटरच्याही आत. आपल्या घाटमाथ्यावर जुलैत एखाद्या दिवसात एवढा पाऊस होतो. पण इथला थोडासा पाऊस बहुतेक वर्षी ठरल्या वेळी येतो. शिवाय किनाऱ्याजवळून वाहणाऱ्या बेंग्वेलाच्या थंड प्रवाहामुळे धुकं येतं आणि खडकांवर ओल धरतं. पाणी कमी असलं तरी ते कधी येणार याचा भरवसा असेल, तर खोल मुळांची आणि मोठ्या खोडाची गरज उरत नाही. लहान अंगात थोडं पाणी साठवायचं, उन्हाळा काढायचा आणि पुढच्या हिवाळ्याची वाट पाहायची, एवढं पुरतं.

गारगोट्यांचे पट्टे हा या मुलखातलाही वेगळा कोपरा. त्यांच्याखालची माती उथळ, कुठे खारट, कुठे आम्लधर्मी. मोठी झुडपं तिथे तग धरत नाहीत, म्हणून इवल्या झाडांवर सावली टाकणारं कुणी नसतं. पांढरे दगड ऊन परतवतात आणि आजूबाजूच्या उघड्या मातीपेक्षा इथली जमीन कितीतरी थंड राहते. जमिनीलगत, काही मिलिमीटर उंचीवर राहणाऱ्या जिवाला हा फरक जगण्या-मरण्याचा असतो. म्हणूनच क्नेर्सव्लाक्टमधल्या कित्येक जाती गारगोट्यांचा पट्टा सोडून बाहेर आढळत नाहीत. २०१४ मध्ये या माळाचा मोठा भाग राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला.

या झाडांचं कूळ एझोएसी. त्याची एक मोठी शाखा या भागात किती वेगाने फुटत गेली, याचा अभ्यास २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला होता. गेल्या ३८ लाख ते ८७ लाख वर्षांत या शाखेतून दीड हजारांवर जाती तयार झाल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. वनस्पतींच्या जगात हा वेग विलक्षण मानला जातो. इथे एका टेकडीवरची जात शेजारच्या टेकडीवर नसते, याचं एक कारण मला अभ्यासकांनी तळहातावर दाखवलं. वाळून पडलेलं एक बोंड त्यांनी उचललं आणि बाटलीतल्या पाण्याचे थेंब त्यावर टाकले. काही क्षणांत बोंडाचे कप्पे बाहेरच्या बाजूला उलगडले. पावसाचा थेंब अशा उघड्या बोंडावर आदळला की बी शिंतोड्याबरोबर उडतं आणि जवळच पडतं. ऊन आलं की बोंड पुन्हा मिटतं. कोरड्या दिवसांत बी सांडत नाही, ओल असेल तेव्हाच पडतं. पण ते फार दूर जात नाही. म्हणून एकेक वसाहत आपापल्या जागी हजारो वर्षं वेगळी होत जाते. आणि म्हणूनच एक टेकडी रिकामी झाली, तर ती आपोआप पुन्हा भरेल याची खात्री नसते.

दोन पानांचं झाड

लिथॉप्स पाहायला आणखी उत्तरेला आणि मग पूर्वेला जावं लागलं. गारीस, कामीसक्रून, स्प्रिंगबॉक ही गावं ओलांडून बुशमनलँडच्या पठारावर. इथे हिवाळी पावसाची हद्द संपत जाते, जमीन सपाट होते आणि क्षितिजापर्यंत विरळ गवत दिसतं. शेतमालकाची परवानगी घेऊन आम्ही एका खडकाळ उंचवट्यावर चढलो. शेतमालक वयस्कर होते. सगळे त्यांना 'ऊम' म्हणत होते, आपल्याकडे एखाद्या वडीलधाऱ्याला काका म्हणावं तसं. झाडं कुठे आहेत हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. मेंढ्यांमागे फिरताना पाहिलेली.

लिथॉप्सचं एक डोकं म्हणजे दोनच पानं. ती एकमेकांना चिकटून उलट्या शंकूच्या आकाराची होतात आणि शंकूचा बहुतेक भाग जमिनीत असतो. वर दिसतो तो सपाट माथा, दोन-तीन सेंटिमीटर रुंद, मधे चीर. दुष्काळात अंगातलं पाणी आटलं की झाड आक्रसतं आणि माथा जमिनीच्याही खाली जातो. त्यावर माती-खडे येतात, आणि झाड आहे हे मालकालाही कळत नाही.

मग जमिनीखाली राहून ते अन्न कसं तयार करतं? माथ्यावर गडद दिसणारे डाग आणि नक्षी असते, तिचा मोठा भाग म्हणजे अर्धपारदर्शक खिडक्या आहेत. त्यांच्यातून उजेड आत शिरतो, पाणी साठवणाऱ्या स्वच्छ पेशींमधून गाळला जात खाली उतरतो आणि शंकूच्या आतल्या भिंतींवरच्या हरितद्रव्यापर्यंत पोचतो. म्हणजे हिरवा भाग जमिनीखाली, थंडाव्यात, आणि प्रकाश वरून आत घेतलेला. पानांवरची रंध्रं रात्रीच्या गारव्यात उघडून कर्बवायू आत घ्यायचा आणि दिवसा दारं बंद ठेवायची, ही वाळवंटी झाडांची युक्तीही या कुळात आहे.

ऑगस्टच्या शेवटी मी पाहिलेली झाडं पानं बदलत होती. वर्षाला पानांची एक जोडी, हा त्यांचा नेम. शरद ऋतूत चिरेतून फूल येतं, पिवळं किंवा पांढरं, बरेचदा माथ्यापेक्षाही मोठं. ते दुपारी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. फूल होऊन गेलं की त्याच चिरेच्या आत नवी जोडी वाढू लागते. तिला लागणारं पाणी जमिनीतून आलं नाही तरी चालतं. जुनी जोडी आपल्यातलं सगळं पाणी तिला देते आणि शेवटी कांद्याच्या सालीएवढा पातळ पापुद्रा होऊन नव्या पानांभोवती उरते. माझ्यासमोरच्या एका झाडाची जुनी पानं सुरकुतली होती आणि चिरेतून नव्या माथ्याची नक्षी डोकावत होती. अशी ही दोन पानं दरवर्षी बदलत, झाड चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतं.

त्या उंचवट्यावरचे खडे तपकिरी होते आणि झाडंही तपकिरी, हिरवट झाक असलेली. दुसऱ्या जातींत, दुसऱ्या खडकांवर, ती राखाडी, विटकरी, पिवळसर असतात. लिथॉप्सच्या सदतीस-अडतीस जाती मानल्या जातात, पण एकाच जातीतही प्रत्येक वसाहतीचा रंग तिथल्या दगडाशी जुळतो. गुरं, मेंढ्या, साळिंदर, कासव या सगळ्यांच्या तोंडातून वाचायचं तर दिसायचंच नाही, हाच त्यांचा बचाव. काटे नाहीत, पळता येत नाही. न दिसणं एवढीच राखण.

व्याकरणकार आणि चारशे ठिकाणं

युरोपीय विज्ञानाच्या नजरेला हे झाड पहिल्यांदा पडलं ते १८११ मध्ये. विल्यम बर्चेल हा इंग्रज प्रवासी आणि निसर्ग-अभ्यासक प्रिस्का या आजच्या गावाजवळ होता. खडकाळ जमिनीवरून विचित्र आकाराचा एक गोटा समजून त्याने काही उचललं आणि ते झाड निघालं. त्याने चित्र काढलं, वर्णन लिहिलं. पण त्यानंतर शंभरेक वर्षं ती जात अभ्यासकांना पुन्हा सापडली नाही. लंडनच्या क्यू उद्यानातले निकोलस एडवर्ड ब्राउन यांनी १९२२ मध्ये लिथॉप्स ही स्वतंत्र प्रजाती मांडली.

पण या झाडांचं खरं ज्ञान जमवलं ते डेस्मंड आणि नॉरीन कोल या दांपत्याने. डेस्मंड कोल हे विटवॉटरस्रँड विद्यापीठात आफ्रिकी भाषांचे प्राध्यापक होते. त्स्वाना भाषेचं त्यांनी १९५५ मध्ये लिहिलेलं व्याकरण प्रसिद्ध आहे. सुट्ट्यांमध्ये हे दोघं गाडी घेऊन बाहेर पडत. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना इथल्या सुमारे चारशे वसाहती त्यांनी पाहिल्या, मोजल्या, आणि प्रत्येकीला एक क्रमांक दिला. आजही लिथॉप्स वाढवणारा माणूस जातीच्या नावाबरोबर 'सी' अक्षरापुढचा हा कोल क्रमांक सांगतो. क्रमांक ठाऊक असला की बी मुळात कोणत्या टेकडीवरचं, तिथला खडक कोणता, पाऊस केव्हा, हे सगळं कळतं. नॉरीन यांच्या नावाने एक जात आहे, दोघांच्या नावाने आणखी एक.

संग्राहकांना या झाडांत काय दिसतं, हे मला या क्रमांकांतून उमगलं. वीतभर कुंडीत वीस झाडं मावतात आणि कुठल्याही दोघांची नक्षी सारखी नसते. झाड वर्षातून एकदा पानं बदलतं, म्हणजे दरवर्षी तीच नक्षी थोडी वेगळी होऊन पुन्हा समोर येते. पाणी द्यायचं ते मोजून, योग्य महिन्यात. बाकी वेळ फक्त पाहत राहायचं. आणि त्या एका लेबलवर दूरची एक टेकडी नोंदलेली असते. कोनोफायटमच्या बाबतीत हेच काम कॅलिफोर्नियातले स्टीव्हन हॅमर यांनी केलं. त्यांचा या प्रजातीवरचा ग्रंथ १९९३ मध्ये आला. जपानमध्ये यासुहिको शिमादा यांनी लिथॉप्सचे वेगवेगळे रंग पिढ्यान्‌पिढ्या निवडून स्थिर केले. या लोकांनी दिलेल्या बियांमधून जगभरच्या हजारो कुंड्या भरल्या, आणि त्यासाठी टेकड्यांना धक्का लागला नाही. छंदाचा हा इतिहास अभिमान वाटावा असा आहे.

पोत्यांत भरलेल्या टेकड्या

स्प्रिंगबॉकच्या पोलिसांत गुरांच्या चोरीचा आणि दुर्मीळ प्राणी-वनस्पतींचा तपास एकाच पथकाकडे असतो. गेल्या दशकात या पथकाचं काम बदललं. आधी एखादा परदेशी संग्राहक सापडायचा. २०१५ मध्ये एका स्पॅनिश जोडप्याकडे दोन हजारांहून अधिक झाडं मिळाली आणि न्यायालयाने २० लाख रँडचा दंड केला. मग आकडे वाढले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून डड्लिया नावाची मांसल झाडं चोरल्याचा आरोप असलेला दक्षिण कोरियाचा एक माणूस तिथून निसटला आणि २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पकडला गेला. त्याच्या प्रकरणात कोनोफायटमची साठ हजारांहून अधिक झाडं जप्त झाली. पुढे २०२२ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्याला दोन वर्षांची कैद सुनावली.

त्यानंतर महामारी आली. घरात अडकलेल्या लोकांनी खिडकीत झाडं ठेवायला सुरुवात केली, इवल्या गोळ्यांचे फोटो समाजमाध्यमांवर फिरले, आणि पूर्व आशियातून मागणी उसळली. विमानं बंद असल्याने खरेदीदार स्वतः येऊ शकत नव्हते. मग फोनवर फोटो येऊ लागले: असं झाड शोध, एवढी गोळा कर, अमक्या जागी पोचव. ज्यांना हे फोटो पोचले ते स्प्रिंगबॉकच्या आसपासच्या, नामाक्वालँड प्रदेशातल्या गावांतले तरुण होते. या भागात तांब्याच्या आणि हिऱ्यांच्या खाणींवर गावं उभी राहिली, खाणी थंडावल्या तसा रोजगार गेला. वर्षानुवर्षांच्या अवर्षणाने मेंढ्या कमी केल्या. ज्या टेकडीवर आजोबांबरोबर मेंढ्या वळल्या, तिथलीच झाडं पोत्यात भरून आठवड्याचा किराणा मिळत असेल, तर नाही म्हणणं सोपं नसतं. एका झाडामागे त्यांच्या हाती पडणारी रक्कम क्षुल्लक असते. मोठा पैसा पुढे, सीमेपलीकडे होतो. पकडले जातात ते मात्र बहुधा हेच.

२०१९ ते मे २०२४ या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या यंत्रणांनी ११ लाख ६० हजार झाडं जप्त केली. त्यांत साडेसहाशे जाती होत्या. हा आकडा पकडलेल्या झाडांचा, निसटलेली वेगळी. कोनोफायटमच्या काही जाती एका उतारावरच, एखाद्या खडकाच्या कपारीतच असतात. एका रात्रीत, एका पोत्यात, पूर्ण जात मावू शकते. आज या प्रजातीतल्या बहुतेक जाती नामशेष होण्याच्या धोक्यात धरल्या जातात.

चोरी हा एकच घाव नाही. बुशमनलँडमध्ये आग्नेयसजवळ गाम्सबर्ग नावाचा एकाकी डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर आणि भोवतीच्या गारगोट्यांच्या पट्ट्यांवर दुर्मीळ मांसल झाडं आहेत. कोनोफायटम रेटम ही जात याच परिसरातली. तिथे भारतीय उद्योगसमूह वेदांताची उघडी जस्त-खाण २०१८ च्या सुमारास सुरू झाली. परवानगीची अट म्हणून शेजारच्या जमिनी राखीव केल्या गेल्या. पण डोंगरावरची जागा आणि शेजारची जागा या झाडांसाठी सारखी नसते, हे गारगोट्यांच्या माळावर गुडघे टेकून पाहिलेल्या कुणालाही समजेल.

परत न जाऊ शकणारी झाडं

जप्त केलेली झाडं जातात कुठे? काही वनस्पती-उद्यानांकडे. एका संस्थेच्या आवारात मला ती पाहता आली. जागा कोणती ते लिहिणार नाही. लांबलचक टेबलांवर तबकं, तबकांत खडी-वाळू, आणि खडीत ओळीने लावलेली झाडं. काहींची मुळं ओरबाडताना तुटली होती, काही पोत्यांतल्या उष्म्याने मऊ पडली होती. प्रत्येक तबकावर जप्तीची तारीख आणि प्रकरणाचा क्रमांक. कोल दांपत्याच्या लेबलांवर जे होतं, नेमकं तेच इथे नव्हतं: झाड आलं कुठून.

तेच सगळ्यात मोठं नुकसान आहे. मनात येतं, ही परत टेकडीवर लावा. पण कुठल्या टेकडीवर? जागा चुकली तर दुसऱ्या वसाहतीत वेगळी बीजं मिसळतात. तबकांतून रोग डोंगरावर जाऊ शकतो. आणि पुन्हा लावलेली झाडं पुन्हा चोरली जाऊ शकतात. म्हणून ती इथेच राहतात. माळी त्यांना पाणी देतात, बी धरतात, जातींची ओळख पटवतात. हे काम फार मोलाचं आहे. काही वसाहतींची शेवटची झाडं अशाच तबकांत असतील.

यातून अभ्यासकांची वागणूकही बदलली. पूर्वी शोधनिबंधात नेमकं ठिकाण देणं ही प्रामाणिकपणाची खूण होती. आता ते झाकलं जातं. ज्या याद्या आणि नकाशे ज्ञानासाठी तयार झाले, ते चोरांच्या कामी येऊ लागले. माझ्याबरोबरच्या अभ्यासकांना याचं दुःख होतं. आयुष्यभर जे शिकलं ते सगळ्यांना सांगावं ही त्यांची वृत्ती, आणि आज गप्प राहणं हेच त्यांचं कर्तव्य झालेलं.

सरकारने २०२२ मध्ये या चोरीविरुद्ध राष्ट्रीय आराखडा स्वीकारला. केवळ अटकांनी हे थांबणार नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. एक विचार असा की, गावांनाच परवाने देऊन रोपवाटिका उभारू द्याव्यात, म्हणजे बियांपासून वाढवलेल्या झाडांची कमाई गावात राहील. दुसरी बाजू म्हणते, अशा रोपवाटिकांच्या आडून चोरीची झाडं कायदेशीर होऊन बाहेर जातील. मला पहिल्या बाजूचं पारडं जड वाटतं. टेकडीचा राखणदार टेकडीजवळ राहणारा माणूसच होऊ शकतो, आणि त्याला त्यातून जगता आलं पाहिजे.

पुण्यातल्या गच्चीवर

परतल्यावर पुण्यात एका गच्चीवर गेले. गृहस्थ निवृत्त अभियंते, लिथॉप्स बियांपासूनच वाढवणारे. पारदर्शक छप्पर, चारी बाजूंनी वारा, पसरट कुंड्या. माती अगदी थोडी. बाकी बारीक खडी, जाड वाळू, विटांचा चुरा. आपल्या हवेत या झाडांचा शत्रू पाऊस आणि दमटपणा. जून ते सप्टेंबर छपराखालीच, आणि पाणी अगदी बेताचं, कारण गरम आणि ओल्या हवेत मुळं सडतात. पावसाळा सरल्यावर पाणी, आणि मग फुलं. उत्तर गोलार्धात लिथॉप्सचा बहर शरदात येतो, म्हणजे आपल्याकडे साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास. थंडीत पानं बदलायला लागली की पाणी बंद. नवशिक्यांची झाडं बहुतेक इथेच जातात, असं ते म्हणाले: सुरकुतलेली पानं पाहून दया येते, पाणी दिलं जातं, मग जुनी पानं आटत नाहीत आणि झाड फुगून फुटतं किंवा कुजतं.

धुळीएवढं बी रुजायला फार वेळ लागत नाही, पण फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. बहुतेक जातींत एका झाडाचा पराग त्याच झाडाला चालत नाही, म्हणून फुलं दोन झाडांना एकाच वेळी यावी लागतात. हे गृहस्थ कुंचल्याने पराग एका फुलावरून दुसऱ्यावर नेतात, बोंड वाळू देतात आणि पुढच्या वर्षी बी मित्रांना वाटतात.

त्यांच्या गच्चीवर मला आपला सह्याद्री आठवला. कंदीलपुष्पांच्या कित्येक जाती फक्त आपल्याच कड्यांवर आणि सड्यांवर आहेत, काही मोजक्या जागी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांची रोपं तयार करून त्या टिकवण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं. जगातल्या मांसल झाडांच्या संग्राहकांना कंदीलपुष्पंही प्रिय आहेत. क्नेर्सव्लाक्टमध्ये फोनवरचं ठिकाण बंद करायला लावलं गेलं, ती शिस्त आपल्या सड्यांवरही हवी. दुर्मीळ फुलाचा फोटो जरूर टाकावा, पण त्यासोबत कड्याचं नाव देऊ नये.

विकत घेण्याआधी

या झाडांनी स्वतःला वाचवण्यासाठी न दिसण्याचा मार्ग घेतला, आणि लाखो वर्षं तो पुरला. माणसाच्या शोधक नजरेपुढे तो पुरला नाही. त्याच नजरेने त्यांना ओळखलं, नावं दिली, बी वाटलं आणि शेवटी पोत्यांतही भरलं. झाड आवडणं आणि ते ताबडतोब हवं असणं, या दोन इच्छांमधलं अंतर फार थोडं आहे. ते अंतर म्हणजे बी पेरून थांबण्याची तीन-चार वर्षं.

लिथॉप्सचं सौंदर्य त्याच्या आणि त्याच्या दगडाच्या नात्यात आहे. उपटून आणलेल्या झाडाबरोबर ते नातं येत नाही. त्याचा रंग कोणत्या खडकाचा, हे सांगणारंच कुणी उरत नाही. बियांपासून वाढवलेल्या झाडाबरोबर मात्र त्याची नोंद येते, टेकडी जागेवर राहते आणि नातं अभंग राहतं. म्हणून ज्याला खरोखर हे झाड आवडतं, त्याने विक्रेत्याला विचारावं: हे तुम्ही बियांपासून वाढवलं का, किती वर्षांचं आहे, बी कुठून आणलं? प्रामाणिक रोपवाटिका आनंदाने सांगते. एकाच जातीची, वेगवेगळ्या आकारांची, खरचटलेल्या कडांची म्हातारी झाडं अचानक स्वस्तात दिसली, तर हात आवरावा. गर्द निळ्या-गुलाबी लिथॉप्सचं बी म्हणून ऑनलाइन जे विकलं जातं, तशी झाडंच नसतात. ते घेऊ नये. आणि पहिल्यांदा सुरुवात करायची असेल तर बियांची एक पुडी, पसरट कुंडी आणि दोन मुठी खडी घेऊन करावी. आपल्या हाताने रुजवलेलं एकेक झाड म्हणजे टेकडीवरून न उचललेलं एक झाड.